सोन्याचा जोंधळा

अलंकारांचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यास पहिली अडचण येते ती ही, कीं त्याचीं साधनें खुद्द सोनारानेंच वितळवून टाकलेलीं असतात. मातीचें मडकें फुटलें तरी त्याची खापरी हजार वर्षें जमिनींत राहते. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलें दानपत्र केव्हां तरी नांगराच्या फाळाला लागतें. सोन्याचें तसें नाहीं. तें अविनाशी आहे म्हणूनच त्याचा आकार नाशवंत आहे. आजीची सरी मुलीच्या पाटल्यांत जाते, पाटल्या नातीच्या हारांत जातात. धातु जशाचा तसा उरतो आणि घडण मात्र नाहींशी होते. दुष्काळ, लग्न, सावकार आणि स्वारी या चार निमित्तांनीं मराठी मुलखांतली मूस सतत पेटती राहिली आहे.

परंतु एक वस्तु मुशींत वितळत नाहीं. ती म्हणजे दागिन्याचें नांव. बोरमाळ कितीदां मोडली आणि कितीदां घडली याची गणती कोणी ठेविली नाहीं, तरी तिचें बोर तिच्यापासून सुटलें नाहीं. नांवाबरोबर आकार येतो, आणि आकाराबरोबर बहुधा एखादी कथाहि येते. या नांवांचा आणि कथांचा मागोवा घेणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्यासाठीं परभणी जिल्ह्यांतील गंगाखेड हें गोदातीरींचें गांव आम्हीं मुद्दाम मध्यबिंदु धरिलें आहे. येथें सोन्याची खाण नाहीं. जवाहिऱ्यांची पेठ म्हणूनहि त्याची ख्याति नाहीं. त्याची ख्याति आहे ती संत जनाबाईमुळें, म्हणजे एका दासीमुळें. आणि या दासीच्या चरित्रांतील सर्वांत प्रसिद्ध कथा एका दागिन्याची आहे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

तत्पूर्वीं या मुलखाची परंपरा किती जुनी आहे तें पाहूं. गंगाखेडावरून वाहणारी गोदावरी, जिला येथील लोक नुसतें 'गंगा' म्हणतात, ती वर पैठणाहून आलेली आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक दर्यावर्द्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथांत पैठण आणि तगर म्हणजे आजचें तेर या दोन गांवांचा उल्लेख असून, पैठणाहून गाड्यांवर लादून भडोचेस जाणाऱ्या मालांत गोमेदासारख्या खड्यांचें नांव आहे. दख्खनच्या काळ्या कातळांतील पोकळ्यांत अकीक आणि गारगोट्या तयार होतात. कातळ झिजला कीं त्या नदीच्या पात्रांत येऊन पडतात. म्हणजे आमच्या सर्वांत जुन्या मण्यांची खाण ही नदीच होती. भोकरदन आणि तेर येथील उत्खननांत मणी, शंखाच्या बांगड्या आणि हस्तिदंती काम सांपडलें आहे. भोकरदनची हस्तिदंती स्त्रीमूर्ति १९३८ मध्यें इटलींतील पाँपेई येथें मिळालेल्या मूर्तीशीं इतकी जुळते, कीं या दोहोंच्या घराण्याविषयीं विद्वानांत बरीच चर्चा झालेली आहे. दोन्ही स्त्रियांच्या अंगावर वस्त्रापेक्षां अलंकारच अधिक आहेत.

त्याच सातवाहनकाळाशीं परंपरेनें जोडलेली हालाची 'गाथासप्तशती' वाचली म्हणजे मात्र निराळें चित्र दिसतें. तेथील गांवच्या पोरी, शेतकऱ्यांच्या सुना आणि रानांत फिरणाऱ्या बाया सोन्यापेक्षां फुलांनीं आणि कोंवळ्या पालवीनें अधिक नटतात. कानांत खोवलेला मोहोर हाच त्यांचा कर्णालंकार. पुढें पांचव्या शतकांत अजिंठ्याच्या चिताऱ्यांनीं पहिल्या लेण्यांत बोधिसत्त्व पद्मपाणीच्या अंगावर मोत्यांचे सर घातले, आणि हातांत मात्र कमळ ठेविलें. एकाच चित्रांत मोतीहि आहे आणि फूलहि आहे. आमच्या अलंकाराचा सारा पुढील इतिहास म्हणजे या दोहोंचा संवाद होय.

गंगाखेडच्या परिसरांत हा संवाद दगडांत पाहावयाचा असेल तर जिंतूर तालुक्यांतील चारठाण्याचीं जुनीं देवळें पाहावीं, किंवा १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यांतच असलेलें औंढा नागनाथाचें मंदिर पाहावें. तेथील सुंदरींच्या आणि देवतांच्या गळ्यांत, दंडांत, कमरेला आणि पायांत घडविलेल्या दागिन्यांची दाटी आहे. पण नाकांत कांहीं नाहीं. ज्या नथीशिवाय आज मराठी नवरीचें चित्र पुरें होत नाहीं ती नथ अजिंठ्याच्या राण्यांना ठाऊक नव्हती. भांडारकर संस्थेंतील साक्षेपी संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनीं या विषयावर स्वतंत्र निबंध लिहून असें दाखविलें, कीं नाकांतील अलंकाराचा पुरावा इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकांत मिळत नाहीं. तो नंतरचा आहे. जें आपणांस अत्यंत सनातन वाटतें तें पुष्कळदां मागाहून आलेलें असतें, आणि जें क्षुल्लक वाटतें तेंच जुनें असतें. नथ नवी, आणि कानांतलें फूल जुनें.

आतां नांवांकडे वळूं. मराठी दागिन्यांची यादी वाचूं लागलें कीं आपण सराफकट्ट्यावर आहों कीं शेताच्या बांधावर, असा भ्रम पडतो. बोरमाळ बोराची, जोंधळी पोत जोंधळ्याची, जवमणी जवाचे. चाफेकळींत चाफा आहे, बकुळीहारांत बकुळ आहे, केवडा आणि केतक हे तर स्त्रियांनीं केसांत माळावयाचे सोन्याचे अलंकार. कुयरी म्हणजे कोंवळा आंबा. पोहेहारांत पोहे आहेत. कानामागून चढणारी साखळी ती वेल, आणि पायाच्या बोटांत घालावयाच्या त्या मासोळ्या. रत्नांचीं, राजांचीं आणि शहरांचीं नांवें नाहींत असें नाहीं. शिंदेशाही तोडे आणि कोल्हापुरी साज आहेतच. पण ज्या नांवांनीं सामान्य कुणब्याच्या घरांत प्रवेश केला तीं बहुतेक पेरणी, फुलोरा आणि सुगी यांतलीं आहेत.

हें केवळ कौतुकानें घडलें असें समजणें चुकीचें होईल. सोनाराचा व्यवहारच बियांवर चालत असे. त्याच्या तराजूंतलें सर्वांत लहान रोजचें वजन गुंज, म्हणजे रानवेलीची लाल, काळ्या डोळ्याची बी. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे एका तोळ्यांत ९६ गुंजा. आजच्या मापानें हा तोळा सुमारें ११.६६ ग्रॅम भरतो. गुंजेबरोबर वाल हेंहि एक वजन होतें, आणि तेंहि बीच. ज्या कारागिराच्या हाताला दिवसभर बियांचा स्पर्श होत होता त्यानें सोन्यालाहि बियांचेंच रूप द्यावें यांत नवल तें काय?

शिवाय या आकारांत मोठा हिशेब आहे. बोरमाळेचा मणी भरीव नसतो. पातळ पत्र्याच्या दोन वाट्या ठशांत दाबून, डाख देऊन जोडतात आणि पोकळींत लाख भरतात. थोडक्या सोन्यांत गळा भरून दिसतो आणि मणी चेपत नाहीं. येथें निसर्गाचा एक गंमतीचा योग आहे. ज्या किड्यापासून लाख मिळते तो पळसाप्रमाणेंच बोरीवरहि वाढतो. म्हणजे सोन्याच्या बोरांत बोरीचाच रस भरलेला असूं शकतो! जोंधळी पोतींत आणि ठुशींत लाखेचें काम नाहीं. तेथें बारीक मणी दाटीनें बसवावयाचे. पण हिशेब तोच. ज्याच्यापाशीं मोठें सोनें नाहीं त्यानें लहान दाणे जोडावे, एका सुगीला चार, दुसऱ्या सुगीला सहा. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरीं सोनें असेंच येत असे. कणाकणानें येत असे म्हणूनच त्याचा आकार कणाचा झाला.

नांवामागून कथा येते असें वर म्हटलें. त्याचीं दोन-तीन उदाहरणें देतों. पुतळ्यांची माळ आज अस्सल मराठी समजली जाते. तिचें मूळ मात्र व्हेनिस येथील ड्युकॅट या सोन्याच्या नाण्यांत आहे. हें नाणें पाडण्याचा ठराव व्हेनिसच्या प्रजासत्ताकानें १२८४ मध्यें केला, आणि तें राज्य १७९७ मध्यें बुडेपर्यंत त्याची घडण जवळजवळ बदलली नाहीं. एका अंगास संत मार्क उभा असून त्याच्यासमोर तेथील राज्यप्रमुख गुडघे टेकून निशाण स्वीकारतो आहे. दुसऱ्या अंगास ताऱ्यांच्या वेढ्यांत येशू ख्रिस्त. व्यापाराच्या वाटेनें हीं नाणीं पश्चिम किनाऱ्यावर उतरलीं, तेव्हां त्यांवरील लेख आमच्या लोकांस वाचतां येत नव्हता. पण दोन आकृति दिसत होत्या. त्यांनीं त्यांस 'पुतळी' म्हटलें, कडी लावली आणि गळ्यांत ओवलें. देशी सोनारांनीं पुढें त्याच्या नकलाहि केल्या. परक्या धर्माचा संत मराठी लेकीसुनांच्या गळ्यांत विनातक्रार नांदला, कारण नवें नांव मिळतांच तो परका राहिला नाहीं.

कोल्हापुरी साजाची गोष्ट याच्या उलट आहे. तेथें आधीं कथा आणि मग आकार. जवमण्यांच्या मधून ओवलेल्या एकवीस पानांचा हिशेब परंपरा असा सांगते: दहा विष्णूच्या अवतारांचीं, आठ अष्टमंगलांचीं, दोन माणिक-पाचूंचीं आणि एक डोरल्याचें. मासा आणि कासव हे त्यांत पुराणांतून आले कीं पंचगंगेंतून, हें ठरविण्याचें कारण नाहीं. घालणारीला दोन्ही ठाऊक असतात. पंढरीच्या विठ्ठलाच्या कानांतील मकरकुंडलांचें असेंच झालें आहे. मकर हा शिल्पशास्त्रांतला काल्पनिक जलचर. पण त्याच्या आकारांत सामान्य माणसाला मासा दिसला, आणि मग अशी कथा झाली, कीं एका गरीब कोळी भक्तानें देवापुढें आपल्या धंद्याची वस्तु म्हणजे दोन मासे ठेविले. इतरांनीं नाकें मुरडलीं, देवानें मात्र ते उचलून कानांत घातले. शास्त्राचा मकर लोकांनीं मासा केला. त्याबरोबर दागिन्याचा अर्थहि बदलला. वैभवाचें चिन्ह होतें तें आपलेपणाचें चिन्ह झालें.

अशा कथांच्या मुळाशीं कोण आहे हें ओळखणें कठीण नाहीं. ज्यांच्या अंगावर दागिना नव्हता त्यांनीं दागिन्याच्या कथा रचल्या. आणि येथेंच आपण पुन्हां गंगाखेडास येतों.

जनाबाईचा जन्म गंगाखेडास झाला असें परंपरा एकमुखानें सांगते. आईबापांचीं नांवें करुंड आणि दमा. लहानपणींच ती पंढरपुरास दामाशेटीच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या घरीं राहिली आणि जन्मभर तेथें दळण, कांडण, शेणी, सडा हीं कामें करीत राहिली. १३५० मध्यें नामदेवांबरोबरच तिनें देह ठेविला असें मानतात. तिच्या नांवावर सुमारें साडेतीनशें अभंग आहेत, आणि त्यांत ती स्वतःस अभिमानानें नामयाची दासी म्हणविते. गंगाखेडास तिचें समाधिमंदिर आहे. तिच्या हयातींतच, १२९६ मध्यें, अल्लाउद्दीन खिलजीनें देवगिरीवर स्वारी करून यादवांचें सोनें आणि मोतीं गाडाभर नेलीं. त्या सोन्याचा एकहि दागिना आज यादवांचा म्हणून दाखवितां येत नाहीं. पण त्याच काळांतील एका मोलकरणीच्या झोपडींत सांपडलेल्या पदकाची आठवण मात्र सातशें वर्षें टिकली आहे.

ती कथा महीपतीनें १७६२ च्या 'भक्तविजयां'त सांगितली आहे, आणि मराठी घरांत ती सर्वांस ठाऊक आहे. देव जनीच्या घरीं दळावयास येतो. पहाटे काकडआरतीची वेळ होतांच तो घाईनें निघतो. आपलें पदक आणि शेला तेथेंच विसरतो आणि जनीची वाकळ पांघरून राउळांत जाऊन उभा राहतो. पुजारी दार उघडतात तों गळ्यांत पदक नाहीं आणि अंगावर वाकळ. शोध जनीच्या खोपटाशीं येऊन थांबतो. पदक सांपडतें, चोरीचा आळ येतो आणि तिला सुळावर देण्याचें ठरतें. चंद्रभागेच्या वाळवंटांत सूळ उभा राहतो. आणि त्याचें पाणी होतें.

भाविक या कथेंत चमत्कार पाहतात, तो त्यांनीं पाहावा. इतिहासाच्या अभ्यासकानें मात्र त्यांतील सामाजिक सत्याकडे लक्ष दिलें पाहिजे. दागिना हा श्रीमंताच्या अंगावर शोभा असतो, गरिबाच्या घरीं तोच पुरावा होतो. धुणीभांडीं करणाऱ्या बाईच्या घरीं सोनें सांपडलें तर तें कोठून आलें असें विचारण्याची पद्धत नाहीं; तें चोरीचेंच असणार असें आधींच ठरलेलें असतें. जनीचा पक्ष घ्यावयास त्या पहाटे वाळवंटांत एकहि मनुष्य पुढें आला नाहीं, हें कथाकार लपवीत नाहीं. हा आळ प्रत्येक शतकांतील मोलकरणींवर आलेला आहे. सूळ मात्र एकदांच वितळला, आणि तोहि कथेंत. म्हणून ही कथा बायकांनीं इतक्या जिव्हाळ्यानें जपली.

याच काळांतील दुसरी कथा नरहरि सोनाराची आहे. हा पंढरपूरचाच, पण कट्टर शैव. विठ्ठलासाठीं सोन्याचा करगोटा घडविण्याचें काम त्याच्याकडे आलें, तेव्हां देवळांत पाऊल न टाकतां त्यानें दुसऱ्याकरवीं माप मागविलें. करगोटा एकदां सैल झाला, एकदां आंखूड झाला. शेवटीं डोळे बांधून तो माप घ्यावयास गेला, तों हाताला शंकराचीं चिन्हें लागलीं. डोळे सोडले तर समोर विठ्ठल. या कथेंतहि देवाची थोरवी आहेच. परंतु तींत सोनाराच्या धंद्याचें एक मर्महि सांपडतें. ज्याच्यासाठीं दागिना घडवावयाचा त्याच्या देहाला हात लागल्यावांचून माप बरोबर येत नाहीं. हातघडणीचा दागिना हा दोन माणसांतला व्यवहार आहे. नरहरीनें आपल्या अभंगांत बागेसरी, मूस, हातोडी हीं हत्यारेंच परमार्थाचीं रूपकें केलीं. कारण त्याला आपल्या धंद्याबाहेर दुसरी भाषा शोधावी लागली नाहीं.

ज्यांच्यापाशीं सोनें नव्हतें त्यांनींहि अलंकार सोडले नाहींत. तुळजाभवानीच्या आराध्यांनीं कवड्यांच्या माळा घातल्या. तांड्यांवरील बंजारा स्त्रियांनीं चांदीच्या घुगऱ्या आणि टोपल्या केसांत गुंफल्या, चोळीवर नाणीं आणि आरसे शिवले. वारकऱ्यानें तुळशीच्या काष्ठाचे मणी ओवले. ही माळ चोरीला जात नाहीं, गहाण पडत नाहीं आणि मोडींतहि घेतली जात नाहीं. आणि जात्यावर बसणाऱ्या बायांनीं ओव्यांतून भावाला मोती केलें आणि लेकाला सोन्याचें फूल केलें. साने गुरुजींनीं 'स्त्रीजीवना'त अशा ओव्या गोळा केल्या; पुढें हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हां यांच्या प्रयत्नांनीं खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्या चाळणाऱ्यास दिसेल, कीं ज्या घरांत तोळाभर सोनें नव्हतें तेथेंहि दागिन्यांचा संपूर्ण शब्दकोश तोंडपाठ होता.

या परंपरेवर अलीकडच्या काळांत दोन बाजूंनीं घाव आले. पहिला कायद्याचा. १९६३ च्या जानेवारींत सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली. परकीय चलन वांचविण्याचा सरकारचा हेतु कांहींहि असो, गांवोगांवच्या लहान सोनाराची बागेसरी विझली. देशभर अनेक कारागीर कामाला मुकले आणि कांहींनीं जीवहि दिला. १९६८ मध्यें या नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला, तो १९९० मध्यें रद्द झाला. पण मधल्या पिढींत ज्या मुलांनीं बापाची फुंकणी हातांत धरली नाहीं तीं परत आलीं नाहींत. त्यानंतर यंत्रावर ओतलेला माल आला. तो सुबक आहे, स्वस्तहि आहे; परंतु त्याचें माप घेण्यास कोणाच्या गळ्याला हात लावावा लागत नाहीं.

दुसरा घाव शेतांतला आहे आणि त्याकडे कोणाचें लक्ष गेलेलें नाहीं. गेल्या कांहीं दशकांत मराठवाड्याच्या काळ्या रानांत सोयाबीन आणि कापूस पसरला आणि जोंधळा मागें सरला. गोफण घेऊन माळ्यावर उभें राहणें, हुरड्याची आगटी, कणसांची खुडणी हें ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांना जोंधळी पोतींतला जोंधळा कसा दिसावा? दागिना दुकानांत मिळेल. नांवहि पाटीवर असेल. पण नांव आणि वस्तु यांना जोडणारा दाणा डोळ्यांपुढें नसेल. मुशींत जें वितळलें नाहीं तें असें विसरांत वितळूं शकतें. सोनें मोडून पुन्हां घडवितां येतें. शब्दाचें तसें करतां येत नाहीं.

तरीहि गोदाकांठचा मनुष्य आपली जुनी खोड सहसा सोडीत नाहीं, याचें एक प्रमाण देऊन हा लेख पुरा करितों. १९७२ मध्यें परभणीस कृषि विद्यापीठ स्थापन झालें. तेथील शास्त्रज्ञांनीं रब्बी जोंधळ्याचें एक टपोऱ्या, चमकदार दाण्याचें वाण तयार केलें आणि त्याचें नांव ठेविलें 'परभणी मोती'. पूर्वीं सोनारानें शेतांतला दाणा पाहून सोन्याचा मणी केला होता; आतां शास्त्रज्ञांनीं मोत्याचें नांव दाण्याला परत दिलें. गंगाखेडच्या जनीनें ज्या जात्यावर दळतां दळतां देवाला बोलाविलें त्या जात्यांतहि हाच दाणा पडत असला पाहिजे. तिच्या घरीं देवाचें पदक एका रात्रीपुरतें आलें आणि तिच्या जिवावर बेतलें. जोंधळा मात्र रोज आला, आणि त्यानें तिच्यावर कधींच आळ घेतला नाहीं.